गुण आला नाही, तर औषधही तपासा

औषध घेऊनही ताप उतरत नाही, तेव्हा संशयितांची यादी ठरलेली असते. निदान चुकले असेल. रुग्णाने मधले डोस चुकवले असतील. जंतू औषधाला दाद देत नसतील. दुखणे बळावले असेल. या यादीत खुद्द औषधाचे नाव क्वचितच येते. डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा दुसरे औषध लिहून देतात, घरचे लोक डॉक्टर बदलतात आणि उरलेल्या गोळ्यांची पट्टी केराच्या टोपलीत जाते. औषध खोटे किंवा निकामी असेल, तर त्याचा पुरावाही त्या पट्टीबरोबर जातो.

बनावट औषधांविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात बहुतेक उपदेश रुग्णाला असतो. पाकीट निरखून पाहा, छपाईतल्या चुका शोधा, होलोग्राम तपासा, पावती घ्या. यातले काहीच चुकीचे नाही. पण या उपदेशाने जबाबदारी अशा माणसावर पडते, ज्याच्याकडे ती पार पाडण्याची साधनेच नाहीत. पाकिटाची नक्कल करणे सर्वांत सोपे असते आणि गोळीत काय भरले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. औषध लागू पडले की नाही, हे मात्र रुग्णाला आणि त्याच्या डॉक्टरांना कळते. आज ही माहिती वाया जाते. ती टिपून ठेवणे आणि तिचा माग काढणे हा या प्रश्नावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे, असे माझे ठाम मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अशा औषधांचे तीन गट केले. ते वेगळे ठेवणे गरजेचे आहे, कारण प्रत्येकात बिघाड वेगळ्या ठिकाणी होतो. पहिला गट बनावट औषधांचा. त्यांची ओळख, घटक किंवा उगम यांबद्दल जाणूनबुजून खोटे सांगितलेले असते. दुसरा निकृष्ट औषधांचा. ती परवानाधारक कारखान्यातून, खऱ्या नावानेच बाहेर पडतात; पण कधी बनवताना झालेल्या चुकीमुळे, तर कधी गोदामातल्या उकाड्यामुळे ठरलेल्या दर्जात बसत नाहीत. तिसरा गट नोंदणी नसलेल्या औषधांचा, म्हणजे जिथे ती विकली जातात तिथल्या नियामकाने कधी न तपासलेल्या औषधांचा. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गोळा केलेल्या नमुन्यांपैकी साधारण दहातला एक नमुना निकृष्ट किंवा बनावट निघतो, असा याच संघटनेचा त्या वर्षीचा अंदाज होता. त्यात मलेरियाची औषधे आणि प्रतिजैविके यांच्या तक्रारी सर्वाधिक होत्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. स्वस्त जेनेरिक औषध आणि बनावट औषध यांचा परस्परांशी काही संबंध नाही. पेटंट किंवा व्यापारचिन्हाचा वाद हा कंपन्यांमधला वाद असतो. रुग्णाच्या सुरक्षेचा प्रश्न वेगळा. डिसेंबर २००८ मध्ये भारतातून ब्राझीलला निघालेला लोसार्टान या रक्तदाबाच्या औषधाचा साठा नेदरलँड्समध्ये पेटंटच्या कारणावरून अडवला गेला. निघाला त्या देशात आणि पोचणार होता त्या देशात ते औषध कायदेशीर होते. अशा कारवाया ‘बनावट औषधांविरुद्धची मोहीम’ म्हणून मोजल्या, की लोकांच्या मनात जेनेरिक म्हणजेच नकली असे समीकरण बसते. मग माणूस परवडणारे, तपासलेले औषध सोडून देतो किंवा महागडे औषध पुरवून पुरवून खातो. दोन्हींत नुकसान त्याचेच.

पाकिटावर विसंबणे किती फसवे असते, हे मलेरियाच्या आर्टेसुनेटने दाखवून दिले. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आग्नेय आशियाच्या बाजारांतून घेतलेल्या नमुन्यांच्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक पाकिटांत आर्टेसुनेट मुळीच नव्हते. खऱ्या कंपनीने पाकिटावर होलोग्राम लावला, तर त्याच्याही डझनाहून अधिक नकला बाजारात आल्या. काही नकली गोळ्यांत पॅरासिटामॉल होते. ताप उतरायचा, रुग्णाला बरे वाटायचे आणि रक्तातले परजीवी वाढतच राहायचे. काही नकलांत खरे आर्टेसुनेटही सापडले, पण उपचाराला पुरणार नाही इतकेच. अशा चिमूटभर घटकाचा एक उपयोग उघड आहे. रंग बदलण्यावर आधारलेली साधी चाचणी औषध आहे की नाही एवढेच सांगते, किती आहे ते सांगत नाही. तेवढ्या औषधावर गोळी त्या चाचणीतून सुटू शकते.

गोळीत औषध मुळीच नसण्यापेक्षा थोडे असणे समाजाच्या दृष्टीने जास्त घातक असते. रक्तात औषधाचे प्रमाण अर्धवट राहिले, की नाजूक जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरतात. पुढे त्यांचीच पैदास होते. हा रुग्ण दुसऱ्या औषधाने बरा होईलही. पण त्याच्याकडून ज्यांना लागण होते, त्यांच्यावर खरे, पूर्ण मात्रेचे औषधही चालेनासे होते. प्रतिजैविकांच्या अतिवापराबद्दल डॉक्टर आणि रुग्ण या दोघांना सतत ऐकवले जाते. कमी मात्रेच्या प्रतिजैविकांबद्दल त्या मानाने फारच कमी बोलले जाते, आणि हा असमतोल मला अन्यायाचा वाटतो. प्रामाणिकपणे सातही दिवस गोळ्या घेणाऱ्या रुग्णाने काय वाईट केले?

गोळीत औषध पूर्ण असूनही ते शरीरापर्यंत न पोचण्याचीही एक तऱ्हा आहे. ‘घटक बरोबर आहेत’ या अहवालाने समाधान मानणाऱ्यांनी ती समजून घेतली पाहिजे. गोळीतले औषध मोजताना ती कुटून द्रावणात विरघळवतात आणि लेबलवरच्या मात्रेशी ताडून पाहतात. पुष्कळ गोळ्यांसाठी ९० ते ११० टक्के ही मर्यादा असते. पण पोटात गोळी कोणी कुटून देत नाही. म्हणून दुसरी चाचणी असते विरघळण्याची. ५०० मिलिग्रॅमच्या साध्या पॅरासिटामॉल गोळीचे उदाहरण घ्या. ५.८ सामू (पीएच) असलेले ९०० मिलिलीटर द्रावण ३७ अंश सेल्सिअसवर ठेवतात, त्यात मिनिटाला ५० फेरे घेणारे वल्हे फिरवतात आणि ३० मिनिटांत साधारण ८० टक्के औषध द्रावणात उतरले की नाही ते पाहतात. गोळी प्रमाणाबाहेर दाबली गेली, चिकटद्रव्य जास्त पडले किंवा यंत्राला गोळी चिकटू नये म्हणून घालतात ते मॅग्नेशियम स्टिअरेट जास्त वेळ घोटले जाऊन त्याचा पातळ, पाणी न धरणारा थर दाण्यांवर बसला, तर गोळी हट्टाने अखंड राहते. लेबल खरे, घटक खरे, कारखानाही खरा. गुण मात्र शून्य. पाकीट कितीही निरखले तरी हा दोष दिसणार नाही.

थायरॉइडच्या गोळीत हीच गोष्ट आणखी बारीक होते. १०० मिलिग्रॅम वजनाच्या गोळीत ५० मायक्रोग्रॅम औषध, म्हणजे दोन हजार भागांत एक भाग. मिश्रण सारखे झाले नाही, तर एका गोळीत दुप्पट आणि पुढच्या गोळीत अर्धे पडू शकते. म्हणून अशा औषधांच्या दहा गोळ्या एकेक करून तपासाव्या लागतात. दहा गोळ्या एकत्र कुटून सरासरी काढली, तर हा घोळ झाकला जातो. बेकायदा कारखान्यांत ही तपासणी कोण करणार? फेंटानिल हे अफूच्या जातीचे अतितीव्र द्रव्य भरलेल्या नकली वेदनाशामक गोळ्यांनी माणसे मरतात, त्यामागे हेही एक कारण आहे. या द्रव्याची २ मिलिग्रॅम मात्राही जिवावर बेतू शकते. ढवळणे नीट झाले नसेल, तर एकाच खेपेतल्या एका गोळीत काहीच नसते आणि दुसरीत प्राणघातक मात्रा असते. आदल्या दिवशी काही झाले नाही म्हणून आजही होणार नाही, हा भरवसा तिथे चालत नाही.

डायएथिलिन ग्लायकॉलचा इतिहास मात्र सविस्तर पाहिला पाहिजे, कारण त्यात काय चुकते हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पातळ औषधांत गोडवा आणि दाटपणा आणण्यासाठी, तसेच औषध विरघळवण्यासाठी ग्लिसरीन किंवा प्रॉपिलिन ग्लायकॉल वापरतात. डायएथिलिन ग्लायकॉल हे कारखान्यांत वापरायचे द्रावक दिसायला तसेच आहे: रंगहीन, दाटसर, चवीला गोड आणि स्वस्त. शरीरात गेल्यावर त्याचे रूपांतर होऊन डायग्लायकोलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतल्या पेशी मारते. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत बंद पडणे, आणि त्यातून वाचले तर पुढे मज्जातंतूंवर परिणाम, असा क्रम असतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने सिरपचे काही चमचेही पुरतात. ताप-खोकल्याच्या आजारी मुलाला उलटी झाली तर ती आजाराचीच वाटते, आणि लघवी थांबली आहे हे ध्यानात येईपर्यंत औषधाचे आणखी डोस पोटात गेलेले असतात.

१९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे पातळ औषध याच द्रावकात बनवले गेले आणि शंभरहून अधिक माणसे मेली. त्यावेळच्या कायद्यात विक्रीआधी औषधाची सुरक्षितता तपासण्याची अटच नव्हती. ती पुढच्या वर्षी आली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात अशुद्ध ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. २०२२ मध्ये गांबिया, इंडोनेशिया आणि उझबेकिस्तान इथली मुले गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या सुरुवातीला या तीन देशांतल्या मृत्यूंचा आकडा तीनशेहून अधिक सांगितला, त्यात बहुतेक पाच वर्षांखालची बालके होती. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुले दगावल्यानंतर तपासलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये हे द्रव्य ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे बाटलीचा जवळजवळ अर्धा भाग विष होता.

हे पुन्हा पुन्हा का घडते? कारण ड्रम उघडून त्यातले द्रव्य तपासण्याऐवजी ड्रमबरोबर आलेला कागद तपासला जातो. २००६ मधल्या पनामाच्या घटनेत चीनमधल्या कारखान्यातून निघालेला माल एका व्यापारी कंपनीकडून स्पेनमधल्या दलालाकडे आणि तिथून पनामाला गेला. प्रत्येक टप्प्यावर शुद्धतेचा दाखला पुढच्याच्या नावाने नव्याने लिहिला गेला, मूळ कारखान्याचे नाव गळून पडले, आणि दाखल्यावर ९९.५ टक्के शुद्ध ग्लिसरीन असेच राहिले. मधल्या कोणीही ड्रम उघडून नमुना तपासला नाही. ग्लिसरीनचे घनत्व किंवा ते पाण्यात मिसळते का, असल्या चाचण्या इथे पुरत नाहीत. गॅस क्रोमॅटोग्राफीने किंवा निदान थिन लेयर क्रोमॅटोग्राफीने डायएथिलिन ग्लायकॉल आणि त्याच जातीचे विषारी एथिलिन ग्लायकॉल वेगळे काढून मोजावे लागते, आणि तेही खेपेतल्या एखाद्या ड्रममधून नव्हे तर प्रत्येक ड्रममधून नमुना घेऊन. दहा ड्रमांपैकी नऊ अस्सल आणि एक खोटा असू शकतो. पातळ औषध बनवणाऱ्या कारखान्याला ही तपासणी झेपत नसेल, तर त्याला पातळ औषध बनवण्याचा परवाना असता कामा नये. यात मला तडजोडीला जागा दिसत नाही.

पनामात विषाचा माग कसा लागला, हे माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. अचानक मूत्रपिंडे बंद पडून पक्षाघातासारखी लक्षणे दिसणारे रुग्ण एकापाठोपाठ येऊ लागले. सुरुवातीला संशय गेला मज्जातंतूंच्या एका दुर्मीळ आजारावर, मग लिसिनोप्रिल या रक्तदाबाच्या गोळीवर, कारण अनेक रुग्ण ती घेत होते. लिसिनोप्रिलने काही जणांना कोरडा खोकला लागतो. त्या खोकल्यासाठी दिलेले सिरप रुग्णाच्या उशाशी होते, ते नजरेस आले आणि तपासाची दिशाच बदलली. बाटली प्रयोगशाळेत गेली आणि विष सापडले. ती बाटली रिकामी करून कोणी फेकली असती, तर आणखी किती दिवस गेले असते?

सावध ग्राहकाच्या उपदेशाचा तोकडेपणा लाहोरमध्ये दिसला. २०११ च्या अखेरीस आणि २०१२ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारी हृदयरोग रुग्णालयातून मोफत औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या अस्थिमज्जेचे काम ढासळू लागले: रक्तस्राव, प्लेटलेट घटणे, त्वचा काळवंडणे. दोनशेहून अधिक माणसे गेली. छातीतल्या कळेसाठी दिलेल्या आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या गोळ्यांत पायरिमेथामिन हे मलेरियाचे औषध मिसळले गेले होते. ते काय आहे हे समजल्यावर उताराही समजला, कारण फोलिनिक आम्लाने त्याचा परिणाम रोखता येतो. या रुग्णांनी औषध रस्त्यावरून घेतले नव्हते, संकेतस्थळावरून मागवले नव्हते. जिथून घ्यायला सांगतात तिथूनच घेतले होते. पाकीट खरेच होते.

सर्वांत जास्त भीती वाटावी ती अशा औषधांची, ज्यांचे अपयश आजाराच्या अपयशात मिसळून जाते. २०१२ मध्ये अमेरिकेत कर्करोगावरच्या बेव्हॅसिझुमॅबच्या नकली कुप्या सापडल्या आणि त्यांत मूळ औषधाचा अंशही नव्हता. गाठ वाढली, तर कोण म्हणेल की सलाइनमधून नुसते पाणी गेले? सगळे म्हणतील, आजारच चिवट निघाला. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारे ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. उकाड्यात राहिलेली कुपी दिसायला तशीच स्वच्छ असते, पण गर्भाशय आकसत नाही. मृत्यूच्या कारणात रक्तस्राव लिहिला जातो. कुपी कोणत्या बॅचची होती, हे केसपेपरवर नसते.

उलट, लगेच दिसणारी इजा झाली तर तपास लवकर होतो. वजन घटवण्यासाठी मागणी वाढल्यामुळे सेमाग्लुटाइड या मधुमेहाच्या औषधाची टंचाई झाली आणि २०२३ मध्ये ते टोचून घेण्याची नकली पेने बाजारात आली. ऑस्ट्रियात काही जणांची साखर इतकी खाली गेली की त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. पेनात सेमाग्लुटाइडऐवजी इन्सुलिन असावे, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा संशय होता. टंचाई आणि नक्कल यांची जोडी जुनीच आहे. एखादे औषध दुकानांतून गायब झाले की ‘माझ्याकडे मिळेल’ म्हणणारा माणूस उगवतो, आणि त्याच्याकडे ते कुठून आले हे विचारण्याची रुग्णाच्या घरच्यांची मनःस्थिती नसते. अशा वेळी टंचाईची अधिकृत माहिती, परवाना असलेल्या पर्यायी औषधांची नावे आणि डॉक्टरांसाठी बदलाच्या सूचना वेळेवर जाहीर करणे हेसुद्धा बनावट औषधांविरुद्धचेच काम आहे.

मान्यता नसलेल्या औषधांबद्दल दोन टोके दिसतात. कोणी त्यांना सरसकट विष म्हणतो, तर कोणी मान्यतेला लाल फितीचा खेळ समजतो. दुर्मीळ आजारात दुसऱ्या देशातले मान्यताप्राप्त औषध विशेष परवानगीने आणावे लागते आणि ते योग्यच आहे. पण मान्यतेत काय तपासले जाते हे पाहिले, तर तिचे मोल कळते. कारखान्याची जागेवर जाऊन पाहणी, प्रत्येक घटकाचा उगम, औषध रक्तात किती आणि किती वेळात उतरते याचा अभ्यास, आणि टिकाऊपणा. टिकाऊपणाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. उष्ण आणि दमट प्रदेशासाठी औषध ३० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेत ठेवून मुदत ठरवतात. थंड प्रदेशासाठी २५ अंश आणि ६० टक्के. थंड देशासाठी बांधलेले अगदी अस्सल औषधही बॅगेत घालून उष्ण देशात आणले, तर पाकिटावरची मुदत खरी राहीलच असे नाही. त्यात क्लॅव्ह्युलॅनिक आम्लासारखा ओल शोषणारा घटक असेल, तर ते आणखी लवकर नासते.

‘नैसर्गिक’ म्हणून खपणारी, कोणीही न तपासलेली चूर्णे आणि कॅप्सूल हा याच गटाचा सर्वांत पसरलेला भाग. सांधेदुखीच्या पुडीत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, वजनाच्या कॅप्सूलमध्ये भूक मारणारे सिब्युट्रामिन, पौरुषाच्या गोळीत सिल्डेनाफिल असल्याचे अनेक देशांच्या तपासण्यांत सापडले आहे. या वस्तूंची ख्याती ‘हमखास गुण’ अशी असते, आणि गुण येतोच, कारण आत लपवलेले आधुनिक औषध असते. सिल्डेनाफिल आणि छातीतल्या कळेसाठीचे नायट्रेट एकत्र आले की रक्तदाब कोसळतो. महिनोन्महिने स्टिरॉइड पोटात गेले की शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी आपले काम थांबवतात. मग पुडी एकाएकी बंद केली तर माणूस कोसळतो आणि डॉक्टरांना कारण उमगत नाही, कारण रुग्णाने ‘औषध’ म्हणून तिचा उल्लेखच केलेला नसतो. सिंगापूरमध्ये २००८ च्या पहिल्या काही महिन्यांत साखर धोकादायक पातळीवर घसरलेले सुमारे १५० रुग्ण आले, चार दगावले. पौरुषवर्धक म्हणून विकलेल्या गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड हे मधुमेहाचे औषध मिसळलेले होते.

यावर आज सर्वाधिक पैसा आणि उत्साह पाकिटावरच्या सांकेतिक खुणांमध्ये जातो आहे. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक पाकिटावर स्वतंत्र क्रमांक असतो आणि औषध देताना तो बाद केला जातो. नायजेरियाने २०१० मध्येच खरवडून मोबाइलवरून पडताळायचा क्रमांक आणला. ही व्यवस्था उपयोगाची आहे आणि ती व्हावी. पण ती पाकिटाची साक्ष देते, गोळीची नाही. लाहोरच्या गोळ्यांवर किंवा छिंदवाड्याच्या सिरपवर असा क्रमांक असता, तर तो अस्सल निघाला असता.

म्हणून औषध लागू न पडण्याच्या घटनेला नोंदीत जागा मिळाली पाहिजे. त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीआधी दोन साध्या सवयी हव्यात. पहिली, बॅच नंबर रुग्णाच्या नावाशी जोडणे. बहुतेक ठिकाणी बॅच नंबर खरेदीच्या कागदांत असतो आणि भांडारापाशी थांबतो. वॉर्डात कोणाला कोणत्या बॅचचे इंजेक्शन दिले, हे नंतर सांगता येत नाही. मग एखादी बॅच परत मागवली, तरी ती कोणाच्या शरीरात गेली हे कळत नाही, आणि तीन वॉर्डांतले तीन अपयशी उपचार एकाच बॅचचे होते हे कोणाच्या लक्षात येत नाही. किमान इंजेक्शने, लशी, प्रतिजैविके, इन्सुलिन, अपस्माराची व कर्करोगाची औषधे आणि मुलांची पातळ औषधे यांचा बॅच नंबर केसपेपरवर आणि दुकानाच्या पावतीवर आलाच पाहिजे. सुट्या गोळ्या देताना पट्टीचा बॅच आणि मुदत छापलेला तुकडा दुकानात राहतो. तो शेवटच्या ग्राहकाला देणे किंवा नंबर पाकिटावर लिहून देणे, एवढे तरी बंधन हवे.

दुसरी सवय डॉक्टरांची. अपेक्षित वेळेत परिणाम दिसला नाही, तर निदान, डोस आणि इतर औषधांशी होणारी आंतरक्रिया यांच्या जोडीला चौथा प्रश्न विचारायचा: या पट्टीत काय आहे? काही ठिकाणी उत्तर प्रयोगशाळेतच मिळते. गोळ्या नियमित घेऊनही थायरॉइडची चाचणी अचानक बिघडली, रक्ताची गुठळी रोखणाऱ्या वॉरफॅरिनवर स्थिर असलेल्या रुग्णाचा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) कारणाशिवाय खाली आला, अपस्माराच्या रुग्णाच्या रक्तात औषधाची पातळी सापडेना, आणि याच सुमाराला पट्टीची कंपनी किंवा दुकान बदलले असेल, तर तो नमुना तपासायला गेलाच पाहिजे.

या ठिकाणी नियामकाकडे एक चांगले हत्यार आहे. चांगल्या उत्पादनपद्धतीच्या नियमांनुसार कारखान्याला प्रत्येक बॅचचे नमुने मुदत संपल्यानंतरही वर्षभर जपून ठेवावे लागतात. रुग्णाकडची गोळी आणि कारखान्यात जपलेली त्याच बॅचची गोळी शेजारी ठेवून तपासली, की दोष कुठला ते उलगडू लागते. दोन्ही निकृष्ट निघाल्या, तर दोष कारखान्याचा. कारखान्यातली चांगली आणि रुग्णाकडची निकृष्ट पण घटकांची जातकुळी तीच, तर मधला साठा बिघडला. घटकच वेगळे, तर नक्कल. आणि कारखाना म्हणाला की या नंबरची बॅच आम्ही काढलीच नाही, तर प्रश्नच मिटला. पण बॅच नंबर नसेल, तर यातले काहीच करता येत नाही.

रुग्णाला सांगायचे ते थोडे आहे. पट्टीच्या कडेवरचा बॅच आणि मुदतीचा भाग शेवटपर्यंत राखून, गोळ्या उलट्या टोकापासून काढाव्यात. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो घेऊन ठेवावा. पट्टी बदलली आणि गोळीचा रंग, आकार, चव किंवा विरघळण्याची रीत बदलली, तर औषधविक्रेत्याला विचारावे. अ‍ॅस्पिरिनला व्हिनेगरसारखा आंबट वास, चिकटलेल्या कॅप्सूल, इन्सुलिनमध्ये न मिसळणाऱ्या गुठळ्या, इंजेक्शनच्या कुपीचे सैल सील ही बिघाडाची चिन्हे आहेत. संशय आला म्हणून अपस्मार, रक्तदाब, हृदयविकार किंवा स्टिरॉइडची गोळी एकाएकी बंद करणे मात्र बनावट गोळीइतकेच धोक्याचे ठरू शकते; त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून दुसऱ्या ठिकाणची पट्टी सुरू करायची. संशयित औषध मूळ पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी, मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवायचे. प्रयोगशाळेला चुरा झालेल्या एका गोळीपेक्षा न उघडलेल्या पट्टीचा उपयोग जास्त, पण तीन-चार गोळ्या उरल्या असतील तरी त्या फेकायच्या नाहीत.

आणि ज्यांनी तक्रार केली, त्यांना उत्तर मिळाले पाहिजे. आज अनेकदा नमुना जातो आणि पुढे काय झाले ते कळत नाही; दुसऱ्या वेळी कोणी पाठवत नाही. तपासणीचा निकाल बॅच नंबरसह पाठवणाऱ्या डॉक्टरला आणि रुग्णाला ठरावीक मुदतीत कळवावा, दोष निघाला तर त्याच दिवशी जाहीर करावा, आणि नमुना दर्जात बसला असेल तरीही कळवावे, म्हणजे डॉक्टरांना पुन्हा निदानाकडे वळता येईल.